राउटरमधले उघडे पोर्ट आधी बंद करा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. ओटीपी, बनावट लिंक, केवायसीचे फोन यांबाबत लोक आता बऱ्यापैकी सावध झाले आहेत. पण जिथे कुणाचा फोन येत नाही, घरमालक कुठलेही बटण दाबत नाही आणि तरी घराचे दार सताड उघडे असते, त्या प्रकाराबद्दल खेड्यापाड्यांत कुणी बोलत नाही. राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग हा तो प्रकार, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्याला राउटरच्या ठरावीक क्रमांकाच्या दारातून (पोर्टमधून) थेट घरातल्या यंत्राकडे सोडणे. त्यावर सविस्तर लिहितो. पत्र लांबले तर कापा, पण कृपा करून आकडे कापू नका.

दर्यापूर-अंजनगावकडे काय किंवा वणी-पांढरकवड्याकडे काय, फायबर गावात पोचले आहे. कृषी केंद्रात, जिनिंगच्या फाटकावर, संत्र्याच्या बगीच्यात कॅमेरे लागले. थोडी हौस असलेल्या घरांत जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकून त्याचा सर्व्हर करतात आणि त्यावर नेक्स्टक्लाउड किंवा इमिच ही फायली-फोटो घरीच साठवणारी सॉफ्टवेअर चालतात. त्यात घरचे फोटो, सातबारा-फेरफाराच्या स्कॅन प्रती, अडत्याच्या पट्ट्या. विहिरीवरच्या मोटरीसाठी आणि टाकीच्या पातळीसाठी होम असिस्टंट हे घरातली यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर. हे चांगलेच आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, म्हातारे आईवडील गावात, तेव्हा घरचे बाहेरून दिसावे ही गरजही खरी. चुकते ते दिसण्याच्या रस्त्यात. बसवणारा राउटर उघडतो, ८०, ५५४, ८०००, ३७७७७ असे पोर्ट बाहेरच्या जगाला जोडून देतो, मोबाइलवर चित्र दाखवतो आणि पैसे घेऊन निघतो. पासवर्ड बहुतेक वेळा डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राच्या) डब्यावरच चिकटपट्टीने लावलेला असतो: दुकानाचे नाव आणि पुढे १२३. तोच पासवर्ड त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना.

यावर ठरलेले उत्तर असते, ‘आमच्या खेड्यात कोण येणार हॅक करायला?’ येणारा खेडे पाहून येत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने २०१३ मध्ये झेडमॅप नावाचे साधन तयार केले. एक गिगाबिटच्या लाईनवरून ते जगातले सगळे आयपीव्ही४ पत्ते (इंटरनेटवरच्या यंत्रांचे जुन्या पद्धतीचे क्रमांक) एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत चाचपते. पुढच्या खोडसाळपणाला माणूसही लागत नाही. २०१६ च्या मिराय या व्हायरसने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच यंत्रांच्या फौजेने डिन या, संकेतस्थळांच्या नावावरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अडखळल्या. म्हणजे तुमचा डीव्हीआर तुमच्यावर नजर ठेवायलाच हवा असतो असे नाही. दुसऱ्यावर दगड मारायलाही चालतो. नजर ठेवण्याचे उदाहरण फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयाने दाखवले. तिथल्या सीसीटीव्हीतल्या स्त्रियांच्या चित्रफिती विक्रीला निघाल्या होत्या.

मग करायचे काय? पहिले काम तपासणीचे आणि ते फुकट आहे. राउटरच्या पानावर जाऊन वॅन किंवा इंटरनेट स्टेटसमध्ये दिसणारा पत्ता लिहून घ्या. मग ‘माझा आयपी काय’ असे शोधून बाहेरून दिसणारा पत्ता बघा. दोन्ही सारखे असले तर तुमच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे आणि उघडलेले पोर्ट खरोखरच जगाला उघडे आहेत. राउटरमधला पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या मालिकेतला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. सिमकार्डवर चालणाऱ्या राउटरला जवळपास नेहमी हेच असते. अशा लाईनवर पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून काही येत नाही. पुष्कळ बसवणाऱ्यांना हे माहीत नसते. ते तासभर खटपट करतात आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या गळ्यात स्टॅटिक आयपी (कायमचा सार्वजनिक पत्ता) मारतात. त्याची गरज नाही, ते पुढे येईलच.

सीजीनॅट आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. आता बऱ्याच लाईनींवर आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत येते, आणि त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारी भिंत) बंद असेल तर कॅमेरा थेट बाहेर. ती चालू आहे का हे पाहा. यूपीएनपी बंद करा, कारण तो चालू असला की यंत्रे राउटरकडून परस्पर पोर्ट उघडून घेतात आणि मालकाला पत्ता नसतो. मग फॉरवर्डिंगची यादी रिकामी करा. डीव्हीआर, एसएसएच (दुरून सर्व्हर चालवायची सोय), ८१२३ वरचे होम असिस्टंट, सगळे काढा. एसएसएचच्या पोर्टचा आकडा बदलून २२ चा २२२२ केल्याने फक्त लॉगमधली (यंत्राच्या नोंदींतली) गर्दी कमी होते. दार उघडेच राहते.

आता आत यायचे ते बोगद्यातून, म्हणजे फोन आणि घर यांमधल्या कुलूपबंद खासगी जोडणीतून. यालाच व्हीपीएन म्हणतात, आणि वायरगार्ड हे ते करणारे एक सॉफ्टवेअर. माझे मत स्पष्ट आहे: घरगुती वापराला वायरगार्डइतके सरळ काही नाही. २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या लिनक्स कर्नल ५.६ पासून ते कर्नलमध्येच (प्रणालीच्या गाभ्यातच) आहे. ते यूडीपी या डेटा पाठवायच्या पद्धतीवर चालते, ठरलेला पोर्ट ५१८२०. सगळ्यात मोठा गुण हा की ज्याच्याकडे मान्य केलेली किल्ली (लांबलचक गुप्त अक्षरमाला) नाही, त्याच्या डेटाच्या पाकिटाला ते उत्तरच देत नाही. चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. सार्वजनिक पत्ता असेल तर एवढा एकच यूडीपी पोर्ट राउटरमधून घरच्या सर्व्हरकडे वळवा. पत्ता बदलत असेल तर डकडीएनएससारखी फुकटची डायनॅमिक डीएनएस सेवा (बदलता पत्ता एका कायमच्या नावाला जोडून ठेवणारी) लावा. पत्ता बदलल्यावर जोडणी अडली तर मोबाइलवरचा बोगदा एकदा बंद करून चालू करायचा, कारण वायरगार्ड नावावरून पत्ता सुरुवातीलाच शोधते, मध्येच पुन्हा विचारत नाही.

किल्ल्यांबाबत कंजुषी नको. वडिलांचा फोन, मुलाचा फोन, लॅपटॉप, प्रत्येकाची किल्ली वेगळी आणि बोगद्यातला पत्ताही वेगळा: १०.८.०.२, १०.८.०.३ असा. एकच फाईल दोन फोनमध्ये टाकली तर दोघे आळीपाळीने तुटत राहतात. सर्व्हरवर दोन वेगळ्या किल्ल्यांना चुकून तोच पत्ता लिहिला, तर शेवटी लिहिलेल्याला तो मिळतो आणि पहिला मुकाट्याने बंद पडतो. फोन बाजारात हरवला की सर्व्हरवरून तेवढी एक किल्ली काढायची, बाकीच्यांना धक्का नाही. किल्लीची फाईल व्हॉट्सॲपवर पाठवू नका. सर्व्हरच्या पडद्यावर क्यूआर कोड काढून समोरच्या फोनने टिपा.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘अलाउड आयपीज’ नावाची एक ओळ असते. कोणत्या पत्त्यांसाठी बोगदा वापरायचा हे ती ठरवते. तिथे बरेच जण ०.०.०.०/०, म्हणजे सगळे पत्ते, लिहितात. मग फोनचे सगळे इंटरनेट, यूट्यूबसुद्धा, गावच्या लाईनीतून फिरून येते आणि घरची अपलोड गुदमरते. तिथे फक्त बोगद्याची मालिका १०.८.०.०/२४ (१०.८.० ने सुरू होणारे पत्ते) आणि घरची मालिका लिहा. घरची मालिकाही बदलून ठेवा. अर्ध्या जगाच्या राउटरमध्ये १९२.१६८.१ असते, पुण्यातल्या खोलीवरच्या वायफायलाही तेच असले, तर फोन तुमचा सर्व्हर त्या खोलीतच शोधत बसतो. घरी १९२.१६८.५७ सारखा कमी वापरातला आकडा घ्या. जोडणी होते, छोटी पाने उघडतात, पण फोटो आणि व्हिडिओ अडकतात, अशी तक्रार आली तर दोष बहुधा एमटीयूचा (डेटाच्या एका पाकिटाच्या कमाल आकाराचा) असतो. वायरगार्डचा नेहमीचा आकडा १४२० आहे, तो १२८० करून पाहा.

सीजीनॅटवाल्यांसाठी दोन वाटा. एक म्हणजे टेलस्केल ही तयार सेवा. ते आतून वायरगार्डच वापरते, दोन्ही यंत्रे बाहेरच्या दिशेने जोडतात म्हणून पोर्ट लागत नाही, आणि वैयक्तिक वापराला फुकट आहे. दोन गोष्टी मात्र विसरू नका. ज्या गुगल खात्याने तुम्ही आत शिरता तीच घराची किल्ली झाली, म्हणून त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलीच पाहिजे. दुसरे, यंत्राची किल्ली ठरलेल्या सेटिंगप्रमाणे १८० दिवसांनी संपते. गावातल्या सर्व्हरपुरती ही मुदत बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी ऐन हंगामात तो गप्प होतो आणि कुणीतरी गावी जाऊन पुन्हा लॉगिन करेपर्यंत तसाच राहतो. कधी कधी थेट जोडणी जमत नाही आणि माहिती त्यांच्या मधल्या रिले सर्व्हरमधून फिरते. वेग पडतो, पण मजकूर कुलूपबंदच (एन्क्रिप्ट केलेला) राहतो.

दुसरी वाट भाड्याच्या छोट्या सर्व्हरची. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक कोअर आणि ५१२ एमबी मेमरीचा सर्व्हर पुरतो. घरचा सर्व्हर त्याला वायरगार्डने जोडून ठेवायचा, फोनही त्यालाच जोडायचा. घरच्या बाजूला ‘परसिस्टंट कीपअलाइव्ह’ (ठरावीक वेळाने जोडणी जागती ठेवणारी सेटिंग) २५ सेकंद ठेवा, नाहीतर सीजीनॅट थोड्या वेळात रस्ता विसरते. मधल्या सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग (एकाकडून आलेला डेटा दुसऱ्याकडे पुढे पाठवणे) चालू करायला लोक हमखास विसरतात. मग दोन्ही टोके जोडलेली दिसतात पण एकमेकांना सापडत नाहीत. या सर्व्हरवर एसएसएचला पासवर्ड नको, एड२५५१९ या प्रकारची किल्ली वापरा. पासवर्ड बंद करण्याआधी दुसरी खिडकी उघडून किल्लीने लॉगिन होते याची खात्री करा, आणि बंद केल्यावर तो खरेच बंद झाला का हेही तपासा. उबुंटूमध्ये पोटफोल्डरमधली क्लाउड-इनिटची (भाड्याचा सर्व्हर पहिल्यांदा मांडणाऱ्या सॉफ्टवेअरची) छोटी फाईल आधी वाचली जाते. तिच्यात पासवर्ड चालू असेल तर मुख्य फाईलमधला तुमचा ‘नो’ फुकट जातो.

क्लाउडफ्लेअर टनेलचाही, म्हणजे घरचे पान क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरमधून बाहेर दाखवणाऱ्या सेवेचाही, बोलबाला आहे. ज्यांना ॲप टाकून देता येत नाही अशा नातेवाइकांना ब्राउझरमधून फोटो दाखवायला तो ठीक. त्यात मजकूर क्लाउडफ्लेअरच्या यंत्रावर उलगडला जातो हे लक्षात ठेवावे आणि त्यांच्या ॲक्सेस सेवेचे लॉगिन पुढे लावावे. कॅमेऱ्यासाठी मी तो सुचवणार नाही.

व्हीपीएन म्हटले की पोलिस पकडतील अशी एक भीती आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याची अट व्हीपीएन सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या घरात जाणारा बोगदा ही कुणाला विकलेली सेवा नव्हे.

डॉकर (इमिचसारखी सॉफ्टवेअर वेगवेगळ्या डब्यांत चालवणारे साधन) वापरणाऱ्यांसाठी एक खोच. उबुंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये पोर्ट बंद केला म्हणून तो बंद झाला असे समजू नका; डॉकर स्वतःचे नियम आधी घालतो आणि यूएफडब्ल्यूला वळसा देतो. भाड्याच्या सर्व्हरवर ही चूक थेट जगाला दिसते. इमिचसाठी नुसते २२८३:२२८३ लिहिण्याऐवजी १०.८.०.१:२२८३:२२८३ असे बोगद्याच्या पत्त्याला बांधून लिहा. मात्र असे बांधल्यावर वायरगार्डच्या आधी डॉकर सुरू झाला तर त्याला तो पत्ता सापडत नाही आणि इमिच उठतच नाही. डॉकरच्या सेवेला वायरगार्डनंतरच सुरू होण्याची अट घाला.

ही अट आपल्याकडे जास्त महत्त्वाची, कारण आपल्याकडे लाईन, म्हणजे वीज, जाते. शहरातल्या माहितीपत्रकांत ही बाजू नसते. बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे ही सेटिंग चालू करा. पूर्ण डिस्कला कुलूपबंद केले असेल, तर लाईन आल्यावर यंत्र पासवर्ड मागत काळ्या पडद्यावर थांबते आणि तुम्ही असता नागपुरात. म्हणून प्रणालीची डिस्क मोकळी आणि डेटाची डिस्क कुलूपबंद ठेवावी; यंत्र उठले, बोगदा लागला की त्यातून आत जाऊन डेटाची डिस्क उघडावी. चोराने यंत्र उचलून नेले तरी सातबारे आणि फोटो त्याला वाचता येत नाहीत.

सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरत असाल तर आणखी एक भानगड. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत बॅटरीवरचे घड्याळ नाही, आणि पाय ५ मध्ये घड्याळ आहे पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते. लाईन गेली की घड्याळ मागे राहते. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकवर (जोडणीच्या सुरुवातीच्या ओळखीवर) वेळेचा शिक्का मारते, आणि आधीच्यापेक्षा जुना शिक्का आला की समोरचा सर्व्हर ती जुनी नक्कल समजून फेकून देतो. इंटरनेटवरून वेळ जुळली की आपोआप सुटते. पण पायचे सगळे इंटरनेटच बोगद्यातून नेले असेल तर वेळेसाठी बोगदा हवा आणि बोगद्यासाठी वेळ हवी, असा पेच पडतो. डीएस३२३१ चे छोटे घड्याळ आणि एक बटण सेल लावला की प्रश्न मिटतो.

राउटर आणि फायबरचा डबा १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर ठेवा, सर्व्हर इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टरचे बटण यूपीएस मोडवर. नाहीतर लाईन बदलताना झटका बसून यंत्र पुन्हा सुरू होते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि घरगुती हार्ड डिस्कची मर्यादा बहुधा ६० अंशांची असते. टिनाच्या खोलीत, देवळीत कोंबून ठेवलेला सर्व्हर ती मर्यादा दुपारीच गाठतो. सर्व्हर म्हणून जुना लॅपटॉप ठेवला तर त्याची बॅटरी ६० टक्क्यांवर थांबवा. कायम भरलेली बॅटरी उन्हाळ्यात फुगते.

कॅमेऱ्यांचे. डीव्हीआरला घराबाहेर पडण्याचीच गरज नाही. राउटरमधून त्याच्या पत्त्याला इंटरनेट बंद करा, त्यातली पीटूपी सेवा (कंपनीच्या सर्व्हरमार्फत बाहेरून चित्र दाखवणारी) बंद करा आणि बोगद्यातून बघा. मग त्याला वेळही बाहेरून मिळणार नाही, म्हणून घरच्या सर्व्हरवर वेळेची सेवा चालवून डीव्हीआरला तिचा पत्ता द्या. चोरी झाली आणि चित्रीकरणावरची वेळ चाळीस मिनिटे मागे निघाली, तर पोलिस ठाण्यात त्याचा उलटा त्रास होतो. बाहेरून बघताना सब-स्ट्रीम (कमी दर्जाचे हलके चित्र) निवडा: मुख्य चित्राला २ ते ४ एमबीपीएस लागतात, सब-स्ट्रीमला ५१२ केबीपीएसच्या आत भागते.

मोटरीचे याहून कडक. शेती फीडरला लाईन कधी दिवसा, कधी रात्री, त्यामुळे घरबसल्या मोटर चालू करण्याचा मोह समजतो. पण ड्राय-रनचे (पाण्याविना मोटर चालण्यापासूनचे) संरक्षण, ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर हे स्टार्टरच्या पेटीत तारेनेच जोडलेले राहिले पाहिजेत. नेट तुटले, सर्व्हर अडकला किंवा कुणी आत शिरला, तरी कोरड्या विहिरीत मोटर जळता कामा नये.

बोगदा लागला म्हणून अपडेट सोडू नका. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत जे हल्लेखोर शिरले, ते एका इंजिनिअरच्या घरच्या संगणकावरच्या प्लेक्स या चित्रपट-गाणी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीमधून. ती फट २०२० मध्येच बुजवलेली होती. त्याने अपडेट घातले नव्हते. आणि एक प्रत नेहमी तार काढलेल्या डिस्कवर ठेवा. जानेवारी २०२२ च्या डेडबोल्ट व्हायरसने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या साठवण-पेट्यांतल्या फायली कुलूपबंद करून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले होते. तार काढलेल्या डिस्कला कुणी कुलूप लावू शकत नाही.

सगळे झाल्यावर फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून घरच्या लाईनीचा आधी लिहून घेतलेला सार्वजनिक पत्ता ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचे पान आले तर काम अपुरे आहे. पैसे किंवा चित्रे गेलीच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि डीव्हीआर रिसेट करण्याआधी त्याचे लॉग काढून ठेवा. घाईघाईत रिसेट केल्याने पुरावाच पुसला जातो.

आता मागणी. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेच्या शाळा, बाजार समित्या आणि पतसंस्था कॅमेऱ्यांच्या निविदा काढतात, त्यांत मेगापिक्सेल आणि टेराबाइट लिहिलेले असतात, पोर्टबद्दल एक ओळ नसते. निविदेत एवढे यावे: पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी नाही, पासवर्ड बंद पाकिटात सचिवाच्या ताब्यात, बसवणाऱ्याच्या फोनमधला प्रवेश काम संपल्याच्या दिवशी काढलेला. आणि देयकावर सही होण्याआधी सचिवाने स्वतःच्या मोबाइल डेटावरून वर सांगितलेली तपासणी करून तिचा स्क्रीनशॉट फाईलला जोडावा.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती